आधी मेडिकल, मग फी: युरोपचं पायलट लायसन्स आणि वैद्यकीय प्रमाणपत्र



निवृत्त झाल्यापासून मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते एनडीए आणि एसएसबीबद्दल. ते साहजिकच आहे. पण अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार यायला लागला आहे. "कर्नलसाहेब, मुलाला पायलट व्हायला युरोपात पाठवायचं म्हणतोय. शाळा कोणती चांगली? कर्ज कोणत्या बँकेचं घेऊ? विसाला किती दिवस लागतात?" अर्धा तास बोलणं होतं, आणि फोन ठेवता ठेवता विचारतात, "आणि हो, ते मेडिकलचं काय असतं हो?"

विचारणारे कुणी बेळगावचे, कुणी इंदूरचे, कुणी बडोद्याचे, कुणी नाशिकचे. गाव कुठलंही असलं तरी मेडिकलचा प्रश्न शेवटीच येतो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच: हा प्रश्न पहिला विचारायचा असतो. फी भरण्याच्या आधी, कर्जाच्या कागदावर सही करण्याच्या आधी.

सुरुवातीलाच कबूल करतो, मी डॉक्टर नाही आणि वैमानिकही नाही. मी तोफखान्यातला माणूस. देवळालीला शिकलो आणि नोकरीभर तोफांच्या आवाजात राहिलो. पण सैन्यात दर वर्षी मेडिकल होतं आणि त्या तपासणीवर बढती, कोर्स, पोस्टिंग सगळं अवलंबून असतं. त्यामुळे मेडिकलच्या कागदाची किंमत मला चांगली कळते. आणि नियमांचं पुस्तक मुळातून वाचायची सवय काही गेलेली नाही.

एका घरातली गोष्ट

माझे एक जुने स्नेही आहेत. नाव सांगत नाही. त्यांच्या मुलाला लहानपणापासून विमानांचं वेड. बारावी झाली, गणित-भौतिकशास्त्रात उत्तम गुण मिळाले. युरोपातल्या एका शाळेत प्रवेश मिळाला. घरावर कर्ज काढलं, पहिला हप्ता भरला, नातेवाइकांना पेढे वाटले. मुलगा तिकडे पोहोचला आणि तिथे गेल्यावर मेडिकल झालं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांच्या पाट्या समोर धरल्या. त्यातल्या काही पाट्यांवरचे आकडे त्याला दिसलेच नाहीत.

त्या पोराला तोपर्यंत माहीतच नव्हतं की त्याला लाल आणि हिरवा रंग इतरांसारखा दिसत नाही. कसं कळणार? आंबा पिकलेला की कच्चा, हे तो रंगावर नाही, वासावर ओळखायचा. घरात सगळे त्याचं कौतुकच करायचे!

पुढच्या चाचण्या झाल्या, त्यातही तो बसला नाही. व्यावसायिक वैमानिकाचा रस्ता बंद झाला. भरलेल्या पैशांतले थोडे परत मिळाले, बरेच गेले. माझे स्नेही फोनवर म्हणाले, "अहो, ही पाटी इथे बेंगळुरूत कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटांत बघता आली असती." त्यावर मला काही उत्तर देता आलं नाही.

विमानपुऱ्यातली इमारत

बेंगळुरूत ही गोष्ट जास्त टोचते, कारण या विषयातली देशातली सर्वात मोठी संस्था इथेच आहे. ओल्ड एअरपोर्ट रोडवर, विमानपुऱ्यात, हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे. १९५७ मध्ये ती 'स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन' म्हणून सुरू झाली. गगनयानासाठी वैमानिकांच्या निवडीचा पहिला टप्पा इथेच पार पडला, २०१९ मध्ये. त्यातूनच पुढे आलेले शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात जाऊन आले, हे तुम्हाला माहीतच आहे.

पण त्याच दारातून हातात फाइल धरलेली साधी मुलं-मुलीही आत जातात. भारतात व्यावसायिक वैमानिक व्हायचं तर डीजीसीएचं क्लास १ मेडिकल लागतं. ते पहिल्यांदा करायचं तर ठरावीक केंद्रांमध्येच होतं, आणि त्यांपैकी एक केंद्र हे.

डॉक्टर नेमकं काय शोधतात?

आपल्याला वाटतं, मेडिकल म्हणजे माणूस निरोगी आहे की नाही ते बघणं. तसं नाही. हवाई वैद्यकाचा डॉक्टर एक वेगळा प्रश्न विचारतो: हा माणूस विमान चालवत असताना अचानक निकामी होण्याची शक्यता किती? रोज सकाळी दहा किलोमीटर धावणारा मुलगा एका झटक्याच्या इतिहासामुळे नापास होऊ शकतो, आणि चष्मा लावणारा, थोडं पोट सुटलेला मुलगा पास होऊ शकतो.

युरोपातल्या हवाई वैद्यकात यासाठी 'एक टक्क्याचा नियम' प्रसिद्ध आहे. ज्या विमानात दोन वैमानिक असतात, तिथे एखाद्या वैमानिकाला वर्षभरात अचानक निकामी करणारा त्रास होण्याची शक्यता साधारण एक टक्क्याच्या आत असावी, असा तो हिशेब. दुसरा वैमानिक शेजारी आहे, हे त्यात धरलेलं असतं.

हा विचार असाच कुणाच्या डोक्यातून आलेला नाही. १८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून उडालेलं ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडेंट विमान काही मिनिटांतच स्टेन्स या गावाजवळ कोसळलं. आतले सर्व ११८ जण गेले. शवविच्छेदनात कॅप्टनच्या हृदयाच्या धमन्यांचा आजार आढळला. वेग कमी असताना पंखांच्या पुढच्या कडेचे भाग वेळेआधी आत घेतले गेले, हे तांत्रिक कारण होतं. पण चौकशीत कॅप्टनच्या हृदयाची स्थिती हीसुद्धा मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक मानली गेली. म्हणजे ईसीजीची ती कागदाची पट्टी हा निव्वळ सरकारी सोपस्कार नाही.

भारताचं प्रमाणपत्र युरोपात चालतं का?

थेट उत्तर: युरोपचं लायसन्स काढायचं असेल तर नाही.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्माला आली. तिला आपण इकाओ म्हणतो. वैमानिकांच्या लायसन्सचे आणि मेडिकलचे किमान नियम इकाओच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. भारतही ते पाळतो, युरोपही पाळतो. म्हणून दोन्हीकडे 'क्लास १', 'क्लास २' हे शब्द सारखे दिसतात. मूळ एकच आहे. पण प्रत्येकाने त्यावर स्वतःचे नियम बांधलेले आहेत आणि प्रत्येकाची सही वेगळी आहे.

युरोपात हे काम ईएएसए पाहते, म्हणजे युरोपियन युनियनची विमान सुरक्षा संस्था. तिचं मुख्यालय जर्मनीत कोलोन शहरात आहे. युनियनचे २७ देश आणि आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड, लिश्टेनस्टाइन हे चार, असे ३१ देश तिचे नियम मानतात. वैमानिकांचा नियम २०११ चा, क्रमांक ११७८. त्यातला वैद्यकीय भाग 'पार्ट-मेड' म्हणून ओळखला जातो. या ३१ पैकी कुठल्याही देशाचं लायसन्स हवं असेल तर मेडिकलही पार्ट-मेडनुसारच झालेलं लागतं.

आता दोन इशारे देतो. पहिला, ब्रिटन आता यात नाही. १ जानेवारी २०२१ पासून त्यांचं लायसन्स वेगळं आणि मेडिकलही वेगळं. 'लंडनला केलेलं मेडिकल जर्मनीत चालेल' असं कुणी सांगितलं तर ती जुनी माहिती आहे. दुसरा, तुमचं लायसन्स ज्या देशाचं, तुमची वैद्यकीय फाइलही त्याच देशाच्या अधिकाऱ्यांकडे असावी लागते. मेडिकल यापैकी दुसऱ्या देशात केलं तरी चालतं, पण लायसन्स कुठल्या देशातून काढणार हे आधी ठरवून तसं फॉर्मवर लिहा. नंतर देश बदलता येतो, पण मग लायसन्स आणि वैद्यकीय फाइल दोन्ही एकत्र हलवावी लागतात.

आणि उलट दिशाही लक्षात ठेवा. युरोपचं लायसन्स घेऊन मुलगी परत आली आणि तिला इथल्या विमान कंपनीत नोकरी करायची असेल, तर डीजीसीएच्या परीक्षा आणि डीजीसीएचं क्लास १ मेडिकल दोन्ही लागतात. म्हणजे ज्याला शेवटी भारतात उडायचं आहे, त्याला दोन्ही चाळण्यांतून जायचं आहे.

तीन प्रकारची प्रमाणपत्रं

युरोपात वैमानिकांसाठी तीन प्रकारची वैद्यकीय प्रमाणपत्रं आहेत.

क्लास १ म्हणजे पोटापाण्यासाठी उडणाऱ्यांचं. व्यावसायिक लायसन्स आणि विमान कंपनीतलं लायसन्स, दोन्हींना हेच लागतं. पहिल्या वेळी ते एरो-मेडिकल सेंटर म्हणून मान्यता असलेल्या केंद्रातच करावं लागतं. पुढची नूतनीकरणं मान्यताप्राप्त तपासनीस डॉक्टरांकडे करता येतात. मुदत १२ महिने. वयाची साठी ओलांडली की ६ महिने. चाळिशी ओलांडलेला वैमानिक एकटाच प्रवासी घेऊन व्यावसायिक उड्डाण करत असेल तर त्यालाही ६ महिने.

क्लास २ म्हणजे खासगी लायसन्ससाठी, हौसेने उडणाऱ्यांचं. चाळिशीपर्यंत ६० महिने, चाळीस ते पन्नास २४ महिने, पन्नासच्या पुढे १२ महिने. यात एक बारीक अट आहे. चाळिशीच्या जरा आधी घेतलेलं प्रमाणपत्र ६० महिने चालत नाही, ते वयाच्या ४२ व्या वर्षी संपतं.

तिसरं म्हणजे हलक्या विमानांच्या लायसन्ससाठीचं, सर्वांत सोपं. आपल्या मुलांच्या करिअरशी त्याचा संबंध कमी, म्हणून पुढे जातो.

विद्यार्थ्यालासुद्धा मेडिकलशिवाय एकट्याने विमान उडवता येत नाही. ज्याला पुढे व्यावसायिक वैमानिक व्हायचं आहे, त्याने 'सध्या क्लास २ करतो, क्लास १ चं नंतर बघू' असं म्हणू नये. क्लास २ मध्ये पास होणारी माणसं क्लास १ मध्ये अडकतात, आणि तोपर्यंत पैसे गेलेले असतात.

तपासणीच्या दिवशी काय होतं?

आम्हाला सैन्यात 'शेप' नावाची पद्धत असते. इंग्रजीतली पाच अक्षरं: मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे. मी त्याच चौकटीत सांगतो, म्हणजे लक्षात राहील.

डोळ्यांपासून सुरू करू. सगळ्यात मोठा गैरसमज असा की चष्मा असला की पायलट होता येत नाही. हे साफ चूक आहे. क्लास १ साठी चष्म्यासह किंवा चष्म्याशिवाय, प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसायला हवं. क्लास २ साठी ते अनुक्रमे ६/१२ आणि ६/९ आहे. नंबर फार मोठा असेल, उणे ६ च्या पलीकडे, तर तज्ज्ञांकडून जास्त कसून तपासणी होते. लेसर शस्त्रक्रिया झाली असेल तरी लगेच दार बंद होत नाही. पण नजर स्थिर आहे, रात्री दिवे फुटून दिसत नाहीत, हे दाखवावं लागतं. त्यामुळे शस्त्रक्रियेचे सगळे कागद, आधीच्या नंबरासकट, जपून ठेवा.

रंगदृष्टीची पहिली चाचणी इशिहाराच्या पाट्यांची. २४ पाट्यांच्या संचातल्या पहिल्या १५ पाट्या क्रम बदलून दाखवतात आणि एकही चूक न करता ओळखायच्या असतात. नापास झालात तर तिथेच संपत नाही, पुढे यंत्रावरच्या किंवा दिव्यांच्या चाचण्या असतात. त्यात 'रंग सुरक्षितपणे ओळखतो' असं सिद्ध झालं तर क्लास १ मिळतं. नाहीतर क्लास २ मिळू शकतं, पण फक्त दिवसा उडायच्या अटीवर.

इतकी कडक का? धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक रांग असते. विमान उंच असेल तर दिवे पांढरे दिसतात, खाली असेल तर लाल, आणि दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर. जुलै २००२ मध्ये अमेरिकेत टलाहासी इथे फेडेक्सचं मालवाहू विमान पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडे झाडांना धडकून पडलं. तिघे जण वाचले. चौकशीत थकव्याबरोबर सहवैमानिकाच्या रंगदृष्टीतला दोषही कारणांमध्ये नोंदवला गेला. तो लाल दिवा वेळेवर दिसणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

आता कान. माझा दुखरा विषय! क्लास १ साठी ५००, १०००, २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त ऐकण्यातली घट चालत नाही. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तो याच वरच्या स्वरांपासून. आमच्या तोफांनी माझं जे केलं, ते आजच्या पोरांचं हेडफोन करतात. मुलगा चौदा वर्षांचा असेल आणि त्याला पायलट व्हायचं असेल, तर आजपासून आवाज कमी ठेवायला सांगा.

हृदय आणि रक्तदाब. पहिल्या वेळी ईसीजी, आणि वय वाढेल तसा तो जास्त वेळा. रक्तदाब वारंवार १६०/९५ च्या वर राहत असेल तर अनफिट. पण रक्तदाबाच्या मान्य गोळ्यांवर नियंत्रणात असेल तर फिट होता येतं. गोळ्या सुरू केल्यावर काही काळ उडणं थांबवावं लागतं, एवढंच. मेडिकलच्या धास्तीने रक्तदाब वर जाणं मी सैन्यात शेकडो जवानांचं पाहिलं आहे. दहा मिनिटं शांत बसा, आदल्या रात्री नीट झोपा.

बाकी शरीर. पहिल्या क्लास १ ला रक्त, लघवी, कोलेस्टेरॉल, फुप्फुसांची क्षमता हे सगळं होतं. अमली पदार्थ आणि दारूची चाचणीही आता पहिल्या तपासणीचा भाग आहे. मुतखडा आपल्याकडे फार. तो असेल तर उपचार पूर्ण करून, खडा गेल्याचे कागद घेऊनच जा. हवेत कळ आली तर काय होईल, ते ज्याला खडा झाला आहे त्याला सांगायला नको. इन्सुलिन लागणारा मधुमेह असेल तर पार्ट-मेडनुसार क्लास १ मिळत नाही. ब्रिटनने कडक देखरेखीखाली काही वैमानिकांना वेगळी वाट दिली आहे, पण ती ब्रिटनची वाट आहे.

आणि मन. त्याबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल.

लपवायचं की सांगायचं?

२४ मार्च २०१५. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात सहवैमानिकाने जाणूनबुजून पाडलं. १५० माणसं गेली. त्याला पूर्वी नैराश्याचा आजार होऊन गेला होता. पुन्हा त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांनी त्याला काम न करण्याचे कागदही दिले होते. ते त्याने कंपनीपासून लपवले.

त्यानंतर युरोपने नियम बदलले. पहिल्या क्लास १ तपासणीत मानसिक आरोग्याचं मूल्यमापन सक्तीचं झालं. विमान कंपन्यांना नव्या वैमानिकाचं मानसशास्त्रीय मूल्यमापन करावं लागतं. आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा बदल म्हणजे वैमानिकांना मदत करणारे वैमानिकांचेच गट. युरोपातल्या प्रत्येक विमान कंपनीच्या वैमानिकाला अशा मदतीची सोय असलीच पाहिजे, असा नियम आहे. कारण सगळ्यांना कळलं होतं की नुसत्या कडक तपासणीने माणसं जास्त लपवायला लागतात.

हे मला कसं कळतं? कारण मी स्वतः लपवलेलं आहे. कॅप्टन असताना एका फायरिंगनंतर डाव्या कानात सतत शिट्टी वाजायला लागली. महिन्याभराने एका कोर्ससाठी नाव जायचं होतं. वार्षिक मेडिकलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कानाचा काही त्रास?" मी म्हणालो, "नाही सर." कोर्सला गेलो, चांगला पासही झालो. ती शिट्टी आजही वाजते आहे. वेळेवर सांगितलं असतं तर काही महिने आवाजापासून लांब ठेवलं असतं, उपचार झाले असते. एक कोर्स मिळवला आणि कान घालवला. माझ्या लपवण्याने माझंच नुकसान झालं. वैमानिकाच्या पाठीमागे दोनशे माणसं बसलेली असतात.

फॉर्मवर पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, औषधं, पूर्वी कुठे अनफिट ठरवलं असेल तर तेही विचारतात. भारतात अनफिट ठरलेली गोष्ट युरोपच्या फॉर्मवर लिहिली नाही, तर ती खोटी माहिती होते आणि त्या एका कारणाने प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. बऱ्याच वेळा असं होतं की आजारातून वाट निघाली असती, लपवण्यातून निघत नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

प्रमाणपत्रावर काही इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. घाबरू नका. 'व्हीडीएल' म्हणजे दूरचा चष्मा लावून उडा आणि एक जादा चष्मा जवळ ठेवा. 'ओएमएल' म्हणजे दुसरा पात्र वैमानिक शेजारी असेल तरच. 'टीएमएल' म्हणजे मुदत कमी केलेली आहे. ही अक्षरं शिक्षा नाहीत. त्यांच्यामुळेच अनेकांना उडता येतं.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्राची मुदत शिल्लक आहे म्हणजे आज उडायला हरकत नाही, असं नाही. शस्त्रक्रिया झाली, रोजची नवी गोळी सुरू झाली, मोठी दुखापत झाली, पहिल्यांदा चष्मा लागला, गर्भधारणा झाली, तर आधी थांबायचं आणि हवाई वैद्यकाच्या डॉक्टरांना विचारायचं. गर्भवती वैमानिकेला युरोपात २६ व्या आठवड्याच्या शेवटापर्यंत, दुसरा वैमानिक सोबत असण्याच्या अटीवर, क्लास १ वर उडता येऊ शकतं. मुलींच्या आईवडिलांसाठी हे मुद्दाम सांगतो, कारण 'मुलीचं कसं व्हायचं' हा प्रश्न हमखास येतो. सर्दीची साधी गोळीसुद्धा झोप आणते. दुकानातून घेतलेलं औषध पोटात असेल तर कॉकपिटमध्ये बसू नये.

मुदत संपायच्या आधी ४५ दिवसांत नूतनीकरण करता येतं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. एकदा मुदत उलटली आणि वर्षं गेली की तपासणी जास्त लांबते. पाच वर्षांहून जास्त काळ गेला तर पुन्हा पहिल्यापासून.

भारत आणि युरोप यांच्या पद्धतीत एक फरक आहे, तोही सांगून ठेवतो. आपल्याकडे तपासणारे डॉक्टर अहवाल पाठवतात आणि फिट-अनफिटचा निर्णय डीजीसीए देते. युरोपात सगळं नीट असेल तर केंद्र किंवा तपासनीस डॉक्टर स्वतःच प्रमाणपत्र देतात. शंका असेल तर प्रकरण त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे जातं आणि मग आठवडे लागतात. म्हणून शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातली तारीख घेऊ नका.

घरच्यांसाठी क्रम

वही घेऊन बसला असाल तर लिहून घ्या.

पहिलं, आपल्याच गावातल्या नेत्रतज्ज्ञांकडून नजर आणि रंगदृष्टी तपासून घ्या. कानांची ऑडिओमेट्री, ईसीजी, रक्त-लघवी करून घ्या. खर्च काही हजारांचा.

दुसरं, डीजीसीएचं क्लास २ आणि मग क्लास १ करून घ्या. ते युरोपात चालत नाही हे खरं, पण मुलगा कुठे अडकू शकतो ते इथेच कळतं. परत आल्यावर ते लागणारच आहे.

तिसरं, लायसन्स कोणत्या देशाचं काढायचं ते ठरवा.

चौथं, युरोपच्या एरो-मेडिकल सेंटरची तारीख घ्या, जुने वैद्यकीय कागद इंग्रजीत करून सोबत न्या आणि क्लास १ हातात घ्या. यासाठी एक जादा विमानप्रवास पडला तरी पडू दे. फीच्या मानाने तो काहीच नाही.

पाचवं, आता शाळेची फी भरा.

शाळेने 'आधी पैसे, मेडिकल इथे आल्यावर' असं म्हटलं तर लेखी विचारा: क्लास १ नाही मिळालं तर किती पैसे परत मिळतील? उत्तर लेखी आलं नाही तर ते उत्तरच समजा.

माझ्या त्या स्नेह्यांचा मुलगा आज एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स विभागात काम करतो, जमिनीवरून. कुठलं विमान कधी सुटेल, किती इंधन घेईल, हवामान कसं आहे हे पाहतो. मागच्या दिवाळीला भेटला. मी विचारलं, "काय रे, वाईट वाटतं का अजून?" तो म्हणाला, "काका, पायलट नाही झालो याचं तितकं नाही. बाबा अजून हप्ते भरतायत, त्याचं वाटतं."

म्हणून सांगतो मंडळी. उडायचं की नाही हे कधी कधी आपल्या हातात नसतं, पण हप्ते कधी सुरू करायचे ते नक्कीच असतं.

पुढच्या भागात डीजीसीएच्या परीक्षांबद्दल बोलू. तोवर हेडफोनचा आवाज कमी ठेवा. जय हिंद, जय महाराष्ट्र, आणि बेंगळुरूत राहतो म्हणून, जय कर्नाटक.